बिनतारी संच मोडीत काढू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्याच्या तोंडावर तालुक्यातालुक्यांत आपत्ती व्यवस्थापनाच्या आढावा बैठका होतात. अशाच एका बैठकीला ज्येष्ठ नागरिक म्हणून मला बोलावणे आले होते. बोटी, दोरखंड, जेसीबी, निवारा केंद्रे अशी यादी वाचून झाल्यावर संपर्क यंत्रणेचा विषय निघाला. तेव्हा एका तरुण अधिकाऱ्याने अगदी सरळ मनाने सांगितले की, आता तलाठ्यापासून पोलीस पाटलापर्यंत सर्वांच्या हातात स्मार्टफोन आहेत, व्हॉट्सॲपचा गटही तयार आहे, तेव्हा जुन्या बिनतारी संचांच्या बॅटऱ्यांवर आणि दुरुस्तीवर पुन्हा खर्च दाखवण्यात अर्थ नाही. सभागृहात कोणीही हरकत घेतली नाही. पाहुणा म्हणून गेलेलो असल्याने मीही गप्प बसलो, पण घरी आल्यावर ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. माझी नोकरी पोलिसांच्या बिनतारी संदेश विभागात यंत्रचालक म्हणून झाली. मोर्सच्या कट्ट-कडकट्टपासून डिजिटल हँडसेटपर्यंतचा सगळा प्रवास मी कानाला हेडफोन लावून केला आहे. जे त्या दिवशी बोलायला हवे होते ते आपल्या पत्राद्वारे मांडतो आहे.

२५ आणि २६ जुलै २००५ या दोन दिवसांचे नाव काढले की मुंबईची आठवण निघते, आणि ते साहजिकही आहे, कारण सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. परंतु त्याच पावसात आमच्या महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहण आणि कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. मी त्या वेळी सावित्रीच्या खोऱ्यातील एका पोलीस ठाण्यात कामावर होतो. वीज आधीच गेली होती. दूरध्वनी केंद्रात पाणी शिरल्याने साधे फोन मुके झाले होते आणि मोबाइल तेव्हा मोजक्याच लोकांकडे होते, त्यांचीही रेंज संध्याकाळपर्यंत गेली. पाणी ठाण्याच्या पायरीला लागले तेव्हा आम्ही दोघांनी बिनतारी संच उचलून माडीवर नेला, जीपची बारा व्होल्टची बॅटरी काढून तीही वर आणली, आणि एरियलची केबल खिडकीच्या फटीतून ओढून घेतली. अलिबागच्या नियंत्रण कक्षाला माझा आवाज थेट पोहोचत नव्हता. मधल्या एका ठाण्यावरच्या सहकाऱ्याने माझे एकेक वाक्य ऐकून घेऊन पुढे दिले आणि पुढचे उत्तर मला परत दिले. आमच्या भाषेत यालाच रिले म्हणतात. रात्री दोनच्या सुमारास मी नोंदवहीत पेन्सिलीने लिहिलेली नोंद मला आजही शब्दशः पाठ आहे: "दरड पडल्याचे पायी आलेल्या इसमाने कळविले, रस्ता बंद, बोट व डॉक्टर हवे." पेन्सिल एवढ्यासाठी की ओल्या कागदावर पेनची शाई पसरते. त्या रात्री आमच्या ठाण्यातून बाहेरच्या जगाकडे जाणारी वाट फक्त ती एक बॅटरी आणि ती केबल एवढीच होती.

सोळा वर्षांनी, २२ जुलै २०२१ रोजी, याच तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक जीव गेले. त्याच दिवशी महाड आणि चिपळूण ही दोन्ही शहरे पाण्याखाली होती. मी तोवर निवृत्त झालो होतो आणि घराच्या गच्चीवर उभा राहून हातातल्या फोनकडे बघत होतो. फोनची बॅटरी अर्धी शिल्लक होती, परंतु रेंजच्या जागी फुली दिसत होती. पुण्याला असलेला माझा मुलगा तिकडून फोन लावत होता हे मला दोन दिवसांनी समजले. २००५ मध्ये तालुक्यात मोबाइल हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते आणि २०२१ मध्ये घरटी दोन-तीन होते. पूर आणि दरडी एकत्र आल्या त्या घटकेला मात्र दोन्ही वेळचा त्यांचा उपयोग सारखाच ठरला.

हे असे का होते ते समजून घेतल्याशिवाय या विषयावर मत बनवणे बरोबर नाही, म्हणून थोडे तपशिलात जातो. आपण अंगणात उभे राहून समोरच्या घरातल्या माणसाला मोबाइल लावला, तरी तो आवाज आपल्याकडून थेट त्याच्याकडे जात नाही. तो आधी टॉवरवर जातो, टॉवरवरून जमिनीखालच्या ऑप्टिकल केबलने किंवा टॉवर-टॉवरच्या दुव्याने दूरच्या शहरातील कंपनीच्या केंद्रापर्यंत जातो, तिथे आपली ओळख पटते, आणि मग त्याच वाटेने परत समोरच्या घरात येतो. ही साखळी कुठेही तुटली की बोलणे थांबते. कोकणात ती केबल बहुतेक ठिकाणी रस्त्याच्या कडेने आणि पुलांच्या बाजूने गेलेली असते. दरड पडते ती रस्त्यावरच आणि पुराचा पहिला तडाखा बसतो तो पुलालाच. त्यामुळे टॉवर ताठ उभा दिसतो आणि तरी मुका असतो. वीज गेल्यावर टॉवरची बॅटरी काही तास चालते, त्यानंतर जनरेटरला डिझेल लागते आणि डिझेल घेऊन जाणारी गाडी बंद रस्त्यावर अडकते. शिवाय एका टॉवरवर एका वेळी किती कॉल चालू शकतील याला मर्यादा आहे. ती मर्यादा रोजच्या वापराचा हिशेब करून ठरवलेली असते, आणि तसे करण्यात कंपनीची चूकही नाही, कारण वर्षातून एकदा येणाऱ्या गर्दीसाठी कोणताही व्यापारी दसपट खर्च करणार नाही. संकट आले की गावातला प्रत्येक माणूस आणि त्याचे मुंबई-पुण्याचे नातेवाईक एकाच वेळी फोन लावतात, लागला नाही की पुन्हा लावतात. शेजारचा टॉवर बंद पडला की त्याचाही भार याच टॉवरवर येतो. आषाढीला पंढरपुरात जाऊन आलेल्या कोणत्याही वारकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले तेव्हा एकही टॉवर पडला नव्हता, तरीही कित्येक तास फोन लागत नव्हते, कारण साऱ्या शहराला आपले माणूस सुखरूप आहे ना एवढेच विचारायचे होते.

बिनतारी संचाची घडण निराळी आहे. मोबाइल फोन साधारण पाव वॅटपेक्षाही कमी ताकदीने बोलतो, पोलिसांचा हातातला संच पाच वॅटने आणि गाडीतला पंचवीस वॅटने बोलतो. डोंगरमाथ्यावर एक रिपीटर, म्हणजे आलेला आवाज झेलून पुढे पाठवणारे यंत्र, बसवला की खोऱ्यातल्या दोन टोकांचा संपर्क होतो. तो रिपीटरही बंद पडला तर संच साध्या थेट पद्धतीवर लावायचा, म्हणजे मध्ये कोणतेही टॉवर, केबल वा केंद्र न लागता हा संच त्या संचाशी बोलतो. अंतर कमी होते, पण बोलणे थांबत नाही. आमच्या मच्छीमार बांधवांना हे वेगळे सांगायला नको. किनारा दिसेनासा झाला की मोबाइल खिशात ठेवायचा आणि चॅनल सोळा उघडा ठेवायचा, हे दाभोळपासून हर्णैपर्यंत तांडेलाच्या पोरालाही माहीत असते. संकटात सापडलेली होडी त्या वाहिनीवर बोलली की टप्प्यातल्या सगळ्या होड्या ते ऐकतात, आणि जी जवळ असेल ती वळते.

सगळ्यांना एकदम ऐकू येणे ही बिनतारीची खरी ताकद आहे, आणि फोनची सवय झालेल्या पिढीला नेमकी हीच गोष्ट समजावून सांगावी लागते. फोन दोन माणसांचा असतो. बिनतारी नेट, म्हणजे एकाच वाहिनीवर लावलेल्या संचांचे जाळे, हा सगळ्यांचा चव्हाटा असतो. २००५ च्या त्या रात्री एका गाडीवरच्या हवालदाराने नियंत्रण कक्षाला कळवले की अमुक मोरीवरून पाणी वाहू लागले आहे. त्याने ते कक्षाला सांगितले होते, पण त्याच मोरीकडे निघालेल्या दुसऱ्या गाडीच्या चालकाने ते आपल्या संचावर ऐकले आणि कोणाचा हुकूम येण्याआधी गाडी थांबवली. त्या गाडीत आठ माणसे होती. व्हॉट्सॲपच्या गटावर हाच निरोप आला असता तर तो चालकाने गाडी थांबवून, चष्मा लावून, वाढदिवसाच्या शुभेच्छांमधून शोधून वाचायला हवा होता. बटण दाबल्याबरोबर अर्ध्या सेकंदाच्या आत आवाज पलीकडे उमटणे, नंबर न शोधता बोलता येणे, पावसात हातमोजे घालूनही बटण सापडणे, आणि वरिष्ठाला गरज पडली तर इतरांचे बोलणे थांबवून आपला आदेश देता येणे, या गोष्टी कागदावर किरकोळ वाटतात. शिडीवर उभ्या असलेल्या अग्निशमन जवानाला त्या किरकोळ वाटत नाहीत.

दुसरी बाजूही मी लपवणार नाही, कारण तीस वर्षे मी तिचा त्रास भोगला आहे. सह्याद्रीच्या घळींत बिनतारीच्या आवाजाला सावली पडते, काही वाड्यांवरून पाच वॅट काय आणि पंचवीस वॅट काय, काहीच बाहेर येत नाही. जुन्या पद्धतीच्या संचावरचे बोलणे ज्याच्याकडे साधा रिसीव्हर आहे तो चोरून ऐकू शकतो. फोटो, नकाशा, रुग्णाचा ईसीजी असे काहीही त्यावरून जात नाही, आणि आज बचावपथकाला ड्रोनने टिपलेले दृश्य हवे असते हे मला मान्य आहे. पोलीस एका लहरीवर, अग्निशमन दल दुसऱ्या, रेल्वे तिसऱ्या, अशी सवतासुभ्याची स्थिती असल्याने एकाच दरडीवर काम करणारी तीन खाती एकमेकांशी बोलू शकत नाहीत. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांवर हल्ला झाला तेव्हा याच उणिवेने घात केला. पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून मनोऱ्याची अवस्था दिसत होती, पण ती सूचना मनोऱ्यात चढलेल्या अनेक अग्निशामकांपर्यंत पोहोचलीच नाही. त्या दिवशी ३४३ अग्निशामक गेले. आणि आपल्याकडचे दुखणे तर याहून साधे आहे. एका कार्यालयात मी स्वतः पाहिलेला बिनतारी संच फायलींच्या ढिगाखाली होता, त्याची बॅटरी फुगलेली होती आणि तो चालू कसा करायचा हे त्या कार्यालयात कोणालाच ठाऊक नव्हते. असा संच असला काय आणि नसला काय. त्यामुळे त्या तरुण अधिकाऱ्याला बिनतारीवरचा खर्च वाया वाटला असेल, तर तसे वाटायला आमच्याच व्यवस्थेने त्याला कारण दिले आहे.

परंतु या रोगावर मोबाइल हे औषध आहे का, याची परीक्षा इतर देशांनी मोठी किंमत मोजून घेतली आहे. ब्रिटनमध्ये पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका या तिन्ही सेवा एअरवेव्ह नावाच्या स्वतंत्र बिनतारी जाळ्यावर चालतात. ते जाळे खर्चिक आहे, त्यावरून चित्रे जात नाहीत, म्हणून सरकारने २०१५ मध्ये ठरवले की ते बंद करून या सेवा एका व्यापारी कंपनीच्या ४जी नेटवर्कवर न्यायच्या, आणि २०१९ अखेर जुने जाळे मिटवायचे. २०१९ गेले, एअरवेव्ह चालूच राहिले, आणि आता २०२९ चा उल्लेख होतो. अडले कुठे, तर दुर्गम खोऱ्यांत, भुयारी रेल्वेत आणि हेलिकॉप्टरपर्यंत सिग्नल पोहोचवण्यात, आणि टॉवरशिवाय संच-संचाचे थेट बोलणे मोबाइलच्या तंत्रात बसवण्यात. मोबाइल तंत्राच्या जागतिक मानकांत गटाने बोलण्याची आणि थेट बोलण्याची सोय कागदावर गेल्या दशकातच आली आहे, पण खिशातल्या साध्या फोनमध्ये पाच वॅटची ताकद आणि ती थेट पोच नाही, ही गोष्ट कोणत्याही ॲपने भरून निघत नाही. त्या देशात दरम्यानच्या काळात दोन्ही जाळ्यांचा खर्च करावा लागतो आहे. तरीही एक गोष्ट त्यांनी शहाणपणाची केली: नवे सिद्ध होईपर्यंत जुने बंद केले नाही.

अमेरिकेने ११ सप्टेंबरच्या धड्यातून २०१२ मध्ये कायदा करून फर्स्टनेट हे आपत्कालीन सेवांचे राष्ट्रीय जाळे उभारायचे ठरवले, त्यासाठी ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात २० मेगाहर्ट्झचा स्पेक्ट्रम, म्हणजे लहरींचा पट्टा, राखून ठेवला आणि २०१७ मध्ये ते काम पंचवीस वर्षांच्या कराराने एटी अँड टी कंपनीला दिले. या जाळ्यावर बचावसेवेचा फोन आधी लागतो, गरज पडल्यास इतर ग्राहकांना बाजूला सारूनही लागतो. ही व्यवस्था चांगली आहे आणि तिचा उपयोगही होतो. परंतु २२ फेब्रुवारी २०२४ रोजी त्या कंपनीत कामकाजातील एका चुकीच्या बदलामुळे सारे नेटवर्क बारा तास कोलमडले, सव्वानऊ कोटींच्या आसपास कॉल अडले, ९११ या आपत्कालीन क्रमांकावरचे पंचवीस हजारांहून अधिक कॉल लागले नाहीत, आणि त्यात फर्स्टनेटही बंद पडले. ते सर्वांत आधी पूर्ववत केले गेले हे खरे, पण ज्या दलांकडे आपले जुने बिनतारी संच होते त्यांचे आपसातले बोलणे त्या काळातही त्या कंपनीवर अवलंबून नव्हते. याच देशात २०१८ च्या कॅलिफोर्नियातील वणव्यात एका अग्निशमन दलाच्या नियंत्रण गाडीचे इंटरनेट मोबाइल कंपनीने मंद करून टाकले होते, कारण त्यांच्या प्लॅनची महिन्याची मर्यादा संपली होती. कंपनीने नंतर चूक कबूल केली. पण व्यापारी नेटवर्कच्या लेखी आग विझवणारा माणूसही आधी ग्राहक असतो आणि मग बाकी सगळे, एवढे यावरून कळायला हरकत नाही.

दक्षिण कोरियाचे उदाहरण मला सर्वांत विचार करण्यासारखे वाटते. एप्रिल २०१४ मध्ये सेवोल ही प्रवासी नौका बुडून तीनशेहून अधिक माणसे, त्यांतली बहुतेक शाळकरी मुले, मृत्यू पावली. बचावाला धावलेल्या खात्यांच्या संपर्क यंत्रणा एकमेकींशी जुळत नव्हत्या ही गोष्ट त्यानंतर ठळकपणे पुढे आली. कोरियाने मग मोबाइलचेच एलटीई, म्हणजे ४जी, तंत्र वापरले, पण व्यापारी नेटवर्कवर पाहुणे म्हणून न जाता ७०० मेगाहर्ट्झचा स्पेक्ट्रम राखून सरकारचे स्वतःचे देशव्यापी जाळे बांधले, जे २०२१ मध्ये पूर्ण झाले. म्हणजे वाद मोबाइलचे तंत्र विरुद्ध बिनतारीचे तंत्र असा नाहीच. ज्या वाटेवरून मदतीचा निरोप जाणार ती वाट कोणाच्या ताब्यात आहे आणि गर्दीच्या वेळी ती कोणासाठी मोकळी ठेवली जाते, यावर सगळे अवलंबून आहे. रुग्णवाहिकेसाठी लोक रस्ता देतील या भरवशावर आपण रुग्णालय बांधत नाही, त्याच्या दारापर्यंत रस्ता मोकळा ठेवतो.

आपल्या देशातही हा विचार झालेला आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जून २०१८ मध्ये सार्वजनिक सुरक्षा आणि आपत्ती निवारणासाठी स्वतंत्र स्पेक्ट्रम राखून एलटीई तंत्रावर देशव्यापी जाळे उभारण्याची शिफारस केली आणि त्याआधी ठरावीक भागांत चाचणी घ्यावी असेही सुचवले. त्यानंतर इतके पावसाळे गेले. दिल्लीत त्यातले जे काही पुढे सरकले असेल ते असो, आमच्या तालुक्याच्या ठाण्यापर्यंत त्यातले काहीही पोहोचलेले नाही. जोवर ते येत नाही, आणि आल्यावर दोन-तीन पावसाळे जुन्या यंत्रणेच्या जोडीने चालून टिकत नाही, तोवर आहे त्या बिनतारी जाळ्याला हात लावू नये, ही माझी पहिली आणि सर्वांत आग्रहाची विनंती आहे.

याचा अर्थ मोबाइल नको असा कोणी घेऊ नये. लोकांना सावध करण्यासाठी मोबाइलसारखे साधन नाही. २०२३ मध्ये सरकारने घेतलेल्या चाचणीत सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजले आणि पडद्यावर मराठीतून सूचना उमटली, ती सोय टॉवर चालू आहे तोवर गर्दीतही चालते, कारण त्यात टॉवर एकच निरोप सगळ्यांना एकदम देतो. अडलेल्या माणसाने ११२ लावावा, त्याचे ठिकाण नकाशावर दिसावे, आपत्तीच्या काळात एका कंपनीच्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीचा टॉवर वापरता यावा, हे सगळे हवेच आहे. फक्त ही सारी जनतेची साधने आहेत, मदत घेऊन निघालेल्या माणसांना आपापसात बोलायला याहून स्वतंत्र साधन हवे. जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगडकडे वीज आणि मोबाइल कित्येक दिवस बंद होते. तिथल्या गावांत कोणाच्या घराचे पत्रे उडाले आणि कोणाला औषध हवे, हे तलाठी मोटारसायकलवरून, पडलेली झाडे ओलांडत, कागदावर लिहून आणत होते. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव डोंगराखाली गेले तेव्हा गाव दिसत नाही ही बातमी एसटीच्या चालकाने बाहेर आणली होती, आणि ती तरी वेळेवर आली ती केवळ त्याची फेरी सकाळची होती म्हणून.

करायचे काय, तर फार मोठे काही नाही. दरडीचा धोका असलेल्या गावांची यादी प्रशासनाकडे आहेच. त्या प्रत्येक गावात शाळेत किंवा ग्रामपंचायतीत एक संच, एक सौर पट्टी आणि एक बॅटरी एवढे ठेवावे, आणि तो संच कुलपात न राहता रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी त्यावरून तालुक्याला हाक दिली जावी. आम्ही ठाण्यांतून रोज करायचो, "कंट्रोल, कंट्रोल, माझा आवाज कसा?" एवढे दोन शब्दांचे काम आहे, पण ज्या दिवशी उत्तर येत नाही त्या दिवशीच बिघाड कळतो, पुराच्या रात्री नाही. जिथे सावली पडते तिथे माथ्यावर छोटा रिपीटर बसवावा आणि तो बसवण्यापूर्वी त्या वाडीतून प्रत्यक्ष बोलून पाहावे, नकाशावर वर्तुळ काढून नव्हे. पोलीस, अग्निशमन, महसूल, आरोग्य आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल यांच्यासाठी जिल्ह्यात एक सामाईक वाहिनी असावी, आणि वर्षातून निदान एकदा सगळ्या मोबाइलची रेंज गेली आहे असे गृहीत धरून कवायत व्हावी. कवायतीत फोन बाजूला टोपलीत ठेवायला सांगावे, म्हणजे कोणाकडे खरोखर काय आहे ते तिथल्या तिथे दिसेल. हॅम रेडिओचा परवाना घेतलेली हौशी मंडळी राज्यात आहेत, २००१ च्या भूज भूकंपात आणि २००४ च्या त्सुनामीत अंदमानात अशाच हौशी लोकांनी पहिले निरोप बाहेर काढले होते. त्यांची नावे जिल्हा नियंत्रण कक्षात आधीच नोंदलेली असावीत.

यंत्रांपेक्षा माणसांची उणीव मला अधिक सलते. बिनतारी यंत्रचालक ही जागा म्हणजे फोन उचलणारा कारकून नव्हे. खरखरीतून शब्द वेगळा काढणे, घाबरलेल्या माणसाकडून गावाचे नाव, जखमींची संख्या आणि रस्त्याची स्थिती या तीन गोष्टी आधी काढून घेणे, दोन माणसे एकदम बोलू लागली तर कोणाला थांबवायचे ते ठरवणे, हे वर्षानुवर्षे कानाने शिकावे लागते. माझ्या पिढीतले बहुतेक जण निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या मुलांना संगणक आमच्यापेक्षा किती तरी चांगला येतो, फक्त त्यांना ती खरखर ऐकायला मिळालेली नाही. निवृत्त चालकांना पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी मानधनावर बोलावून या मुलांच्या शेजारी बसवावे. माझ्यासारखे कित्येक जण मानधन न घेताही येतील.

हे सारे कोकणापुरते नाही. २०२७ मध्ये नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथे सिंहस्थ कुंभमेळा भरत आहे. २००३ च्या कुंभात नाशिकला झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. अशा गर्दीत घाटाच्या एका टोकाला काय चालले आहे हे दुसऱ्या टोकाच्या शिपायाला त्याच मिनिटाला कळले तर तो मागून येणारा लोंढा थांबवू शकतो, आणि लाखो फोन एकाच टॉवरला धरलेले असताना ते फोनवरून कळणार नाही. कुंभासाठी तात्पुरते टॉवर, कॅमेरे आणि ॲप यांवर भरपूर खर्च होईल आणि तो व्हायलाही हवा. त्याच आराखड्यात बंदोबस्तावरच्या प्रत्येक तुकडीच्या हातात चार्ज केलेला बिनतारी संच, सुट्या बॅटऱ्या आणि गोदाघाटाच्या अरुंद गल्ल्यांत आवाज पोहोचतो की नाही याची आधी केलेली तपासणी, यांचा स्वतंत्र उल्लेख असावा.

त्या बैठकीतील अधिकाऱ्याचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही, कारण दोष त्याचा नाही. संचांच्या देखभालीचा तो खर्च यादीतून अजून कायमचा कापला गेला नसेल, तर तो परत लिहावा, आणि पहिला मोठा पाऊस पडण्यापूर्वी तालुक्यातील सर्वांत दूरच्या वाडीतून एकदा तरी हाक देऊन पाहावी. ती हाक ऐकायला मी नियंत्रण कक्षात येऊन बसेन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बिनतारी यंत्रचालक
महाड, जि. रायगड